दारूचा तास कोण घेणार?

गळीत हंगाम सुरू झाला की उत्तर नगरची सकाळ वासावरून ओळखू येते. श्रीरामपूर, राहाता, कोपरगाव, संगमनेर, कोणत्याही रस्त्याला लागा. उसाच्या ट्रॉल्यांची रांग, चिमणीचा धूर आणि मळीचा तो आंबूस-गोड, नाकात बसणारा वास. त्याच वासातून पोरं पाठीला दप्तर लावून शाळेला जातात. लहानपणी मला तो शाळेचाच वास वाटायचा.

पुढं मास्तर झालो. एकदा आठवीच्या वर्गात फळ्यावर ‘दारू’ एवढाच शब्द लिहिला आणि म्हटलं, समानार्थी शब्द सांगा. एरवी मराठीच्या तासाला ओढूनताणून तीन शब्द निघतात. त्या दिवशी फळा पुरला नाही. देशी, इंग्लिश, गावठी, हातभट्टी, संत्रा, फुगा, चपटी, क्वार्टर, खंबा. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं शेवटी हळूच ‘औषध’ म्हटलं. पोरं हसली. ती हसली नाही. तिचा बाप रोज संध्याकाळी खुंटीवरची पिशवी काढताना तोच शब्द वापरायचा, हे मला नंतर तिच्या आईकडून कळलं.

तो फळा अजून डोळ्यांसमोर आहे. दारूविषयी वर्गात बोलायचं म्हणजे कोऱ्या पाटीवर लिहायचं नसतं. पोरांना नावं ठाऊक असतात, भाव ठाऊक असतो, कुठल्या टपरीमागं मिळते तेही ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते हे की, घरात जे चाललंय ते आपल्या एकट्याच्याच घरात नाही. हे त्यांना कोण सांगतो, कुठल्या तोंडानं सांगतो, यावर त्या तासाचं सगळं अवलंबून असतं. म्हणून हे आवाहन. नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर म्हणायचं, जिभेला वेळ लागतोय) प्रत्येक शाळा व्यवस्थापन समितीला, प्रत्येक ग्रामसभेला, प्रत्येक बचत गटाला. दारूविषयीचा शाळेतला तास दारू विकणाऱ्याच्या हाती जाऊ देऊ नका.

तुम्ही म्हणाल, दारूवाला कशाला शाळेत येईल? येतो. बाटली घेऊन येत नाही, नाटक घेऊन येतो.

‘स्मॅश्ड’ नावाचं एक नाटक आहे. ब्रिटनमध्ये २००५ साली त्याचे शाळांमधले प्रयोग सुरू झाले. कॉलिंगवुड लर्निंग ही संस्था ते बसवते आणि पैसा डियाजिओ ही कंपनी देते. डियाजिओ म्हणजे जॉनी वॉकरवाली. आपल्याकडं रॉयल चॅलेंज विकणारी युनायटेड स्पिरिट्स तिच्याच ताब्यात आहे. नाटकातले शाळकरी दोस्त एकमेकांच्या नादानं पितात आणि त्याचा शेवट वाईट होतो. प्रयोग संपला की कलाकार पोरांशी गप्पा मारतात. हे नाटक बऱ्याच देशांत फिरलं. भारतातही डियाजिओच्या पुढाकारानं ‘अ‍ॅक्ट स्मार्ट इंडिया’ या नावानं त्याच जातीचा नाट्यकार्यक्रम शाळांमधून सुरू झाला.

यात वावगं काय, असं मलाही पहिल्यांदा वाटलं. अल्पवयीन पोरांनी पिऊ नये, हे सांगतायत ना? सांगू द्या की. नाटक पोरांना आवडतं, फुकट आहे, आणि आपल्या शाळांत कुणी काही घेऊन येतं तेच मुळात अप्रूप.

पण लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या संशोधकांनी जरा खोलात जाऊन पाहिलं. मद्यउद्योगाच्या पैशावर चालणारे ब्रिटनमधले तीन शालेय कार्यक्रम त्यांनी घेतले, ‘स्मॅश्ड’ त्यांतलाच एक. त्यांचं साहित्य, धडे, तक्ते वाचून काढले आणि जानेवारी २०२२ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. त्यांचं म्हणणं असं, की या धड्यांतून दारू ही मोठेपणी प्रमाणात घ्यायची एक नेहमीची वस्तू म्हणून पोरांच्या ओळखीची होते. दोष जातो पोराच्या कच्च्या मनाकडं, दोस्तांकडं, आईबापांकडं. कर्करोगासारख्या धोक्यांची माहिती अपुरी किंवा वळवलेली असते. आणि जाहिरात, किंमत, दुकानांची संख्या या गोष्टी, म्हणजे जिथं कंपनीचा हात थेट पोचतो, त्या जवळपास दिसतच नाहीत.

हे वाचल्यावर मी नाटकाकडं मास्तराच्या नजरेनं पाहिलं. कुठल्याही गोष्टीत खलनायक कोण हे बघायला आम्ही पोरांना शिकवतो. या गोष्टीत खलनायक कोण? दोस्त. नायक कोण? ज्याला ‘नाही’ म्हणता आलं तो. दुकान कुठं आहे? नाही. महामार्गावरची परमिट रूम, पेठेतली बिअर शॉपी, गावातल्या लग्नाच्या वरातीमागून येणारा टेम्पो, दारूच्या नावाचा सोडा, दारूच्या नावाचा क्रिकेटचा संघ, यांतलं काहीही नाही. आयपीएल २००८ साली सुरू झाली तेव्हा बंगळुरूच्या संघाचं बारसंच रॉयल चॅलेंज या व्हिस्कीच्या ब्रँडवरून झालं. आमच्या शाळेतल्या पोरांच्या वह्यांवर त्या संघाची चित्रं चिकटवलेली असतात. मद्याच्या जाहिरातीला महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याच्या कलम २४ नं मनाई आहे, दूरचित्रवाणीवरही बंदी आहे. तरी नाव पोरांच्या वहीत पोचलंच. आता तेच घर मास्तर होऊन वर्गात आलं, तर ते वहीवरच्या चित्राबद्दल काय शिकवेल?

आकड्यांची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण आकड्यांनी कुणाची दारू सुटत नाही. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’नं केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झालं. त्यानुसार देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी. त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांना पिण्यामुळं त्रास आहे किंवा सुटकाच होत नाही. आणि दहा ते सतरा वर्षांच्या वयोगटातले पिणारे अंदाजे ३० लाख.

आता दुकानदाराच्या गल्ल्यावर बसून विचार करा. महिन्याला दोन पेग घेणाऱ्यावर दुकान चालत नाही. दुकान चालतं रोज येणाऱ्यावर. आणि रोज येणारा बहुधा लवकर लागलेला असतो. ‘लवकर लागू नकोस’ हा धडा जो मनापासून शिकवील, तो आपल्याच दुकानाचं शटर खाली ओढील. कुठल्या कंपनीच्या भागधारकांना हे परवडेल? मी त्यांना दुष्ट म्हणत नाही. ते व्यापारी आहेत, व्यापार करतायत. मास्तरकी हा त्यांचा धंदा नाही, एवढंच.

तंबाखूनं हा खेळ आधीच खेळून दाखवला आहे. फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीनं १९९८ साली अमेरिकेत पोरांसाठी मोहीम काढली: विचार करा, सिगारेट ओढू नका. अमाप पैसा ओतला. २००२ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ’मध्ये तिची तपासणी छापून आली. त्याच काळात ‘ट्रूथ’ नावाची एक दुसरी मोहीम होती, सिगारेट कंपन्यांनी काय लपवलं ते पोरांना उघड सांगणारी. ती पाहिलेल्या पोरांचं मत सिगारेटच्या विरोधात गेलं. कंपनीची मोहीम पाहिलेली पोरं उलट पुढं सिगारेट ओढून पाहायला जास्त तयार दिसली. हे अनुभव गाठीशी असल्यामुळंच तंबाखूविषयीच्या जागतिक करारात, २००५ साली तो अमलात आला तेव्हापासून, कलम ५.३ आहे: आरोग्याची धोरणं ठरवताना तंबाखू उद्योगाचा हात लागू द्यायचा नाही. दारूसाठी असा करार जगात नाही. म्हणून दारूवाल्याला शाळेच्या फाटकावर कुणी अडवत नाही. आपल्याकडं शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे. तंबाखूमुक्त शाळांच्या चळवळीनं गावोगावी ती रेघ मारून दाखवली. तिथं उद्या गुटखा कंपनीनं ‘गुटखा खाऊ नका’ असं पथनाट्य आणलं, तर मुख्याध्यापक त्यांना चहा तरी पाजतील का?

आणि दारूवाल्याचा धडा काय, तर ‘जबाबदारीनं प्या’. हे वाक्य तर महाराष्ट्रात बसतच नाही. या राज्यात व्हिस्की-रमसाठी कायद्यानं वय पंचवीस लागतं. पिण्यासाठी परवाना लागतो, तो कुणी काढत नाही हा भाग वेगळा. राज्यघटनेचं कलम ४७ दारूबंदीच्या दिशेनं जायला सांगतं. म्हणजे तेरा वर्षांच्या पोराला आणखी बारा वर्षांनी मिळू शकणाऱ्या वस्तूची ‘जबाबदारी’ आजच शिकवायची. गाडी चालवायला अठरा वर्षं लागतात. पाचवीच्या पोराला क्लच कधी दाबायचा ते कुणी शिकवतं का? दुसरीकडं जे खरोखर शिकवायला हवं ते राहून जातं. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, की आरोग्याला बाधणार नाही असं दारूचं कुठलंही प्रमाण नाही. दारू कर्करोग घडवते हे संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९८८ सालीच नोंदवलंय. किमान सात प्रकारचे कर्करोग तिच्याशी जोडलेले आहेत. आपल्याकडं मात्र २०२२ च्या जानेवारीत, मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकायला मंत्रिमंडळानं मंजुरी दिली तेव्हा, ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य राज्यभर फिरलं. आमच्या फळ्यावरच्या यादीत ‘औषध’ कुठून येतं, याचं कोडं तेव्हा थोडं सुटलं. त्या निर्णयाविरुद्ध आवाज उठला त्यात राळेगणसिद्धी पुढं होतं. अण्णा हजारेंनी उपोषणाची तारीख जाहीर केली, गावाची ग्रामसभा बसली, आणि दुकानांतली ती वाईन मागं पडली.

आता कंपन्या शाळेत शिरतात कशा? सरळ वाटेनं आणि कायद्यानं. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चायची. कामांच्या यादीत शिक्षण आहे, आरोग्य आहे. कायदा असंही म्हणतो, की कंपनी जिथं काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं. हे वाक्य नगरमध्ये बसून वाचा. श्रीरामपूर तालुक्यात टिळकनगरला १९३३ पासूनचा उद्योग आहे, मॅन्शन हाऊस ब्रँडी ही त्याच घरची. सहकारी कारखान्यांपैकी अनेकांच्या आवारात डिस्टिलरी आहे. यांपैकी कुणी शाळेत दारूचा धडा घेऊन आलं असं मी म्हणत नाही. परिसर आपला आहे, एवढंच सांगतोय. उद्या एखाद्या कंपनीच्या वतीनं एखादी संस्था केंद्रप्रमुखांना भेटेल. पत्रावर ‘किशोरवयीन जीवनकौशल्ये’ असं लिहिलेलं असेल, दारू हा शब्दही नसेल. सोबत वह्या, टोप्या, जमलं तर एक प्रोजेक्टर. गटशिक्षणाधिकारी म्हणतील, चांगलं आहे, आनंददायी शनिवारला घेऊन टाका. फोटो निघतील. तो फोटो कंपनीच्या वार्षिक अहवालात जाईल, आणि पुढच्या वेळी मुंबईत उत्पादन शुल्काचं धोरण ठरत असताना तोच फोटो टेबलावर असेल: बघा, आम्ही मुलांचं किती करतो.

इथं मला थोडं अवघड बोलायचं आहे. आमच्या जिल्ह्यातल्या शाळा-कॉलेजं उभी राहिली ती बऱ्याच अंशी साखरेच्या पैशावर. प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीनं आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा त्यामागून दवाखाना आला, शाळा आल्या, कॉलेजं आली. नंतरच्या कारखान्यांनी तोच कित्ता गिरवला. शेतकऱ्याच्या उसाच्या बिलातून टनामागं रुपाया-दोन रुपये कापून भिंती उभ्या राहिल्या. त्या भिंतींत मीही शिकलो. साखर आली की मळी येते, मळी आली की अल्कोहोल येतं. त्यातलं पुष्कळसं आता पेट्रोलमध्ये मिसळायला जातं ही चांगली गोष्ट, पण सगळं जात नाही. मग ‘तुमच्या शाळेत आधीच मळीचा पैसा आहे, नाटकाला कशाला नाही म्हणता?’ असं कुणी विचारलं, तर उत्तर काय?

माझं उत्तर असं. भिंतीचा पैसा आणि फळ्यावरचं अक्षर यांत फरक आहे. आमच्या गुरुजींना कारखान्याच्या चेअरमननं कधी सांगितलं नाही, की इतिहासाचा धडा असा शिकवा. सांगितलं असतं तर ऐकणारे गुरुजी नव्हते, निदान आमचे तरी नव्हते. ती इमारत सभासदांच्या घामाची होती आणि वार्षिक सभेत उभं राहून तिचा हिशेब मागता येत होता. दारूच्या कंपनीच्या नाटकाचा हिशेब कुठल्या सभेत मागणार? दुसरा प्रश्न याहून टोकदार आहे: सरकार तरी कुठं निरपेक्ष आहे? जून २०२५ मध्ये राज्यानं मद्यावरचं शुल्क वाढवलं, ‘महाराष्ट्र मेड लिकर’ नावाचा नवा प्रकार काढला, आणि वर्षाला चौदा हजार कोटींची जादा भर अपेक्षिली. मग सरकारी शाळेनं शिकवलेली दारूबंदी तरी कितपत खरी? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच मी हे आवाहन मंत्रालयाकडं पाठवत नाहीये. गावाकडं पाठवतोय.

कारण आमच्याकडं दारूचं शिक्षण गावानं दिलेलं आहे, आणि ते वाचवण्यासारखं आहे.

राळेगण पाहा. १९७५ साली अण्णा हजारे लष्करातून परत आले तेव्हा पारनेर तालुक्यातलं हे गाव हातभट्टीवर जगत होतं. दुष्काळात दुसरं पिकत नव्हतं, भट्टी पिकत होती. यादवबाबांच्या देवळात बसून भट्ट्या बंद करायचं ठरलं आणि भट्टीवाल्यांनी आपल्या हातानं त्या मोडल्या. त्यापुढं पिणाऱ्यांना खांबाला बांधून पट्ट्यानं मारलं, ते मात्र मला कधीच पटलं नाही; मार खाल्लेल्या बापाच्या पोराला त्या दिवशी वर्गात काय वाटलं असेल, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण त्याच गावानं नापास झालेल्या पोरांना मुद्दाम प्रवेश देणारी शाळा काढली, तिथं मात्र मी मान लववतो. हिवरे बाजारला १९८९ नंतर पोपटराव पवारांच्या काळात नशाबंदी आली ती चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान यांच्या जोडीनं आली. पाणी अडलं, कामाला शेत मिळालं, म्हणून दारू सुटलेली टिकली. तिथल्या पोरांना ‘नाही म्हणायला शिका’ असं वेगळं शिकवावं लागलं नाही.

जामखेडची गोष्ट तर शिक्षकांनी पाठ करावी अशी. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथं ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं. त्यांनी गावोगावच्या बाया निवडल्या, बऱ्याचशा निरक्षर, काही दलित वस्तीतल्या, काही नवऱ्यानं टाकलेल्या. त्यांनाच आरोग्य शिकवलं आणि त्यांनीच गावाला शिकवलं. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जगभरचे डॉक्टर जामखेडला शिकायला आले. तिथं धडा देणारी बाई आणि धडा घेणारी बाई एकाच आडावर पाणी भरत. शिकवणारीला त्या पाण्यात नफा नव्हता.

आणि निघोज. २०१६ साली निघोजच्या बायांनी मतपेटीतून बाटली आडवी केली. आडव्या बाटलीला मतदान ही महाराष्ट्रानं काढलेली अजब गोष्ट आहे: गावातल्या निम्म्याहून अधिक बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. मतदानाच्या आधी त्या बाया घरोघर फिरल्या, सासवांना समजावलं, धाकदपटशा सोसला. गावातली शाळकरी पोरं हे सगळं बघत होती. ‘स्मॅश्ड’चे हजार प्रयोग लावले तरी त्या एका पंधरवड्याएवढं पोरं शिकणार नाहीत.

उलट्या बाजूचा धडाही आमच्याच जिल्ह्यात आहे. फेब्रुवारी २०१७, नगर तालुक्यातलं पांगरमल. जिल्हा परिषद निवडणुकीच्या प्रचारातली ओली पार्टी. विषारी दारूनं माणसं मेली, काही आंधळी झाली. तपासात निघालं, की ती बनावट दारू जिल्हा रुग्णालयाच्या आवारातल्या कँटीनमध्ये तयार होत होती. ज्या आवारात माणसं बरी व्हायला जातात तिथं. गावातल्या अवैध दारूवर लक्ष ठेवणाऱ्या ग्रामरक्षक दलांची कायद्यात तरतूद त्याच्या दोनच महिने आधी, डिसेंबर २०१६ मध्ये झाली होती. पांगरमल हे नाव जिल्ह्यातल्या प्रत्येक नववीच्या वर्गात एकदा तरी उच्चारलं जावं. कंपनीचं नाटक ते उच्चारणार नाही, कारण तिथं दोस्तांचा दबाव नव्हता. तिथं मतांचा भाव होता.

तेव्हा करायचं काय? दोन कामं. एक, दार लावायचं. दुसरं, आत काहीतरी शिजवायचं, नाहीतर भुकेलं पोर परत बाहेरच जाणार.

आत काय शिजवता येईल ते आधी. गणिताच्या तासाला: महाराष्ट्र मेड लिकरची १८० मिलीची बाटली सरकारी दरानं किमान १४८ रुपयांना. रोज एक, तर वर्षाला किती? ५४ हजार २० रुपये. त्यात घरात काय काय आलं असतं, याची यादी पोरांनीच करायची. मी हे एकदा त्या वेळच्या भावानं करून पाहिलंय. वर्ग इतका शांत झालेला मी नंतर पाहिला नाही. भूगोलाच्या तासाला: शाळेच्या परिसराचा नकाशा काढून त्यावर दारूचं प्रत्येक दुकान, परमिट रूम, ढाबा यांच्या खुणा. भाषेच्या तासाला: सोड्याची, पाण्याची, ‘म्युझिक’ची जाहिरात घेऊन ती खरं काय विकतेय ते ओळखायचं. आठवीच्या पोरांना हे फार चटकन जमतं, कुठल्याही मोठ्या माणसापेक्षा. विज्ञानाच्या तासाला यकृत. गावातली एखादी निघोजकडची लेक सून होऊन आली असेल तर तिला अर्धा तास बोलवा. पुण्याच्या मुक्तांगणमधून उपचार घेऊन आलेला, दहा-दहा वर्षं न पिणारा एखादा माणूस पंचक्रोशीत असतोच. त्याला बोलवा, पण पोरांसमोर त्याचा तमाशा करू नका. मुक्तांगण १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलं, त्याला पहिला पैसा पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी दिला. पुस्तकांच्या आणि नाटकांच्या कमाईचा. नाटकाचा पैसा दारू सोडवण्यासाठी, हे चालतं. दारूचा पैसा नाटकासाठी, ते मात्र नको. नशाबंदी मंडळ आहे, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातला दारूबंदी सप्ताह आहे, तो प्रभातफेरी आणि चार घोषणांत उरकला जातो. तो आठवडा पुन्हा जिवंत करा.

एक काळजी मात्र घ्या. ज्या पोराचा बाप पितो त्याच्याकडं तासाला बोट दाखवू नका. ‘कुणाच्या घरी पितात, हात वर करा’ असं विचारणारे मास्तर मी पाहिलेत. त्यांच्यापेक्षा कंपनीचं नाटक बरं, असं रागानं म्हणावंसं वाटतं.

आणि दार लावायचं ते कसं? शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २१. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात, निम्म्या सदस्य बाया असतात. शाळेत कोण येऊन काय शिकवतो, यावर लक्ष ठेवायचा तुम्हाला हक्क आहे. तो सहीपुरता वापरू नका. कुणी कार्यक्रम घेऊन आलं की एक प्रश्न विचारा: पैसा कुणाचा? संस्थेचं नाव नको, संस्थेला पैसा देणाऱ्याचं नाव सांगा, लेखी. सांगता येत नसेल तर चहा पाजून परत पाठवा. मग दोन ऑक्टोबरची ग्रामसभा येते, तिच्या आधी महिलांची ग्रामसभा. ठराव आधी महिलांच्या सभेत मांडा. तिथं तो पडणार नाही याची हमी मी देतो. ठरावाचा मसुदा खाली देतोय. भाषा सरकारी आहे, कारण ठरावाला तीच लागते. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाला, सांगा प्रोसिडिंगला जसाच्या तसा लिहून घ्या, आणि एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पोचवून पोच घ्या.

ठराव क्रमांक ……… दिनांक ………

विषय : गावातील शाळांमध्ये मद्यउद्योगाच्या आर्थिक साहाय्याने होणारे कार्यक्रम न स्वीकारणेबाबत.

ही ग्रामसभा असे ठरविते की, मद्याचे उत्पादन, विक्री अथवा जाहिरात यांतून उत्पन्न मिळविणारी कोणतीही कंपनी, अथवा अशा कंपनीकडून निधी घेणारी कोणतीही संस्था, यांचा दारू, व्यसन, आरोग्य अथवा जीवनकौशल्ये या विषयांवरील कोणताही धडा, नाटक, स्पर्धा, पुस्तिका, वही, बक्षीस अथवा साहित्य गावातील कोणत्याही शाळेत स्वीकारले जाणार नाही. दारूविषयीचे शिक्षण शाळेचे शिक्षक, शाळा व्यवस्थापन समिती, आशाताई, महिला बचत गट आणि गावातील व्यसनमुक्त नागरिक देतील. त्यासाठी लागणारा खर्च ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून करण्यात येईल.

सूचक : श्रीमती ………
अनुमोदक : श्रीमती ………